माळवद, पत्रा आणि चाकांवरचं घर

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातली गावंच्या गावं जमीनदोस्त केली. वेगवेगळ्या नोंदींनुसार आठ ते दहा हजार माणसं त्यात गेली. बहुतेक जण आपल्याच घराखाली गाडले गेले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचं जड माळवद, अशी ती घरं होती. उन्हाळ्यात माळवदाखाली गारवा असायचा. तो ज्या वजनामुळे मिळत होता, तेच वजन त्या पहाटे जिवावर उठलं.

भूकंपानंतर वाचलेले लोक पत्र्याच्या तात्पुरत्या शेडमध्ये राहायला आले. पत्रा हलका, त्यामुळे डोक्यावर छप्पर आहे याची भीती नव्हती. पण एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी पत्र्याखाली बसवत नाही, हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

जड घर थंड आणि हलकं घर गरम, हे असंच असायला हवं का? वजन न वाढवता पत्र्याखाली गारवा आणता येईल का? हा प्रश्न सर्वांत अवघड होतो तो चाकांवरच्या घरात. कारण तिथे वजन वाढवायची सोयच नसते. म्हणून या लेखात आपण एक जुनी गाडी घेऊ, आणि थोडक्या पैशांत तिचं राहण्याजोगं घर कसं होईल याचा हिशेब मांडू. यासाठी नववी-दहावीच्या विज्ञानापलीकडचं फारसं काही लागत नाही.

चाकांवर घर कशाला?

परदेशात अशा गाडीला कॅम्पर किंवा कॅराव्हॅन म्हणतात. आपल्याकडे ती श्रीमंतांच्या हौसेची वस्तू वाटते. पण गरजेतून केलेले प्रयोगही कमी नाहीत. पुण्याच्या ‘विज्ञानवाहिनी’नं १९९० च्या दशकात बसमध्ये फिरती प्रयोगशाळा बसवून ती खेड्यांतल्या शाळांच्या दारात नेली. पुण्यातच २०१६ नंतर जुन्या बसगाड्यांमधून स्त्रियांसाठी ‘ती’ नावाची स्वच्छतागृहं तयार झाली. केरळच्या परिवहन महामंडळानं नोव्हेंबर २०२० मध्ये मुन्नारच्या आगारात जुन्या बसमध्ये झोपण्याची सोय केली. एका रात्रीचे माणशी १०० रुपये. महाराष्ट्र शासनानंही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं.

आपल्या उदाहरणासाठी असं समजू, की धाराशिव जिल्ह्यातल्या काही शिक्षकांना मिळून एक गाडी हवी आहे. तिच्यात प्रयोगाचं साहित्य मावावं, आणि परंडा, भूम, कळंब, उमरगा असं आठवडाभर फिरताना पाच माणसांना तिच्यातच राहता यावं. बजाज टेंपोच्या (२००५ पासून या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स) ट्रॅव्हलरसारखी एखादी जुनी गाडी मिळाली आहे. मागची खोली ४ मीटर लांब आणि पावणेदोन मीटर रुंद. म्हणजे छप्पर ७ चौरस मीटर. पैसे मोजकेच आहेत. ते कुठे घालायचे?

अशा वेळी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आधी पलंग, कपाटं, पडदे आणि रंगीत दिवे येतात. आमचं म्हणणं असं, की या गोष्टी सर्वांत शेवटी याव्यात. पैशांच्या अंदाजपत्रकाआधी आणखी तीन अंदाजपत्रकं मांडावी लागतात: वजनाचं, उष्णतेचं आणि विजेचं. ती जमली की पैशांचं आपोआप जमतं. पण त्याहीआधी एक तपासणी.

आधी हातोडी, मग रंग

जुन्या गाडीचा खरा शत्रू गंज. लोखंड, ऑक्सिजन आणि पाणी एकत्र आले की गंज चढतो, हे आपण शिकवतो. यातलं पाणी म्हणजे पाऊसच असं नाही. हवेत पुरेसा दमटपणा असला, की धातूवर पाण्याचा न दिसणारा पातळ थर जमतो आणि तेवढा पुरतो. त्यात मीठ असेल तर काम आणखी लवकर होतं. म्हणूनच कोकणात समुद्राकाठी वापरलेल्या गाडीपेक्षा मराठवाड्याच्या कोरड्या हवेत वापरलेली त्याच वयाची गाडी सहसा कमी गंजलेली असते.

गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. म्हणून रंगाखाली गंज धरला, की रंग फुगतो. असे फुगवटे दारांच्या खालच्या कडांना, पायरीपाशी आणि चाकांच्या कमानींत शोधावेत. काही विकणारे अशा जागी लांबी (पुट्टी) भरून वरून ताजा रंग देतात. ती चोरी पकडायला साधा लोहचुंबक पुरतो. पोलादी पत्र्याला तो चिकटतो, लांबीच्या थरावर सुटतो. (बॉडी ॲल्युमिनियमची असेल, तर अर्थातच तो कुठेच चिकटणार नाही.) चासीवर लहान हातोडीनं ठोकत जावं. चांगलं लोखंड टणटण वाजतं, पोखरलेलं बद्द आवाज करतं. चासी पोखरलेली असेल तर गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी महाग पडते, कारण तिच्यावर पुढे केलेला सगळा खर्च त्या पोखरलेल्या लोखंडावर उभा राहतो.

दाराच्या आणि पायऱ्यांच्या खाली पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोकं असतात. ती मातीनं बुजलेली असली तर तारेनं मोकळी करावीत. या दुरुस्तीला पैसा लागत नाही, पण तिनं गाडीचं आयुष्य काही वर्षांनी वाढतं.

वजनाचा हिशेब

गाडीच्या नोंदणी-पुस्तकात दोन आकडे असतात. रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं जास्तीत जास्त वजन. या दोहोंतला फरक ही आपली वजनाची ‘शिल्लक’. समजा, आपल्या गाडीसाठी हे आकडे २३०० आणि ३५०० किलो आहेत. म्हणजे शिल्लक १२०० किलो. आता खर्च लिहू.

पाच माणसं, प्रत्येकी ६५ किलो: ३२५ किलो. प्लायवूडच्या आठ बाय चार फुटांच्या १८ मिलीमीटर जाडीच्या पाच शीट, प्रत्येकी सुमारे ३३ किलो: १६५. पाणी १०० लिटर: १०० किलो. बॅटरी: ५५. सौर पॅनल: १२. चूल, गॅस, भांडी: ४०. अंथरूण-पांघरूण आणि कपडे: ८०. आतलं छत आणि अस्तर: ६०. प्रयोगाचं साहित्य: १५०. बेरीज ९८७ किलो. म्हणजे सुमारे २०० किलो शिल्लक उरली. यात दोन लोखंडी कपाटं आली, की खातं रिकामं!

वजन थोडं जास्त झालं तर काय बिघडतं? तुळजापूरच्या घाटाचा विचार करू. ३५०० किलोची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा तिची स्थितिज ऊर्जा ३५०० × ९.८ × १००, म्हणजे सुमारे ३४ लाख ज्यूलनं कमी होते. गाडीचा वेग वाढू द्यायचा नाही, म्हणजे ही सगळी ऊर्जा कुठेतरी जिरवली पाहिजे. तेवढ्या ऊर्जेत सुमारे ११ लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत येईल. चालकानं खालचा गिअर ठेवला तर काही ऊर्जा इंजिनात जिरते, नाही तर ती सर्व ब्रेकमध्ये उष्णता बनून साठते. वजन वीस टक्के वाढलं की ही उष्णताही वीस टक्के वाढते. ब्रेक तापले की त्यांची पकड कमी होते. म्हणून ब्रेक, टायर आणि पाटे यांवरचा खर्च हा सजावटीचा नव्हे, जीव वाचवणारा खर्च आहे.

वजन किती एवढंच पुरेसं नाही. ते कुठे आहे हेही पाहावं लागतं. हे मोजण्याचं साधन आपल्या जिल्ह्यात सहज मिळतं. साखर कारखान्याचा वजनकाटा! आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायची, मग फक्त मागची. समजा, पुढे १२०० किलो भरले आणि मागे १८००. दोन्ही आसांमधलं अंतर ३ मीटर असेल, तर तरफेच्या नियमानुसार गुरुत्वमध्य पुढच्या आसापासून ३ × १८०० ÷ ३०००, म्हणजे १.८ मीटर मागे आहे. जड वस्तू दोन्ही आसांच्या मध्ये आणि जमिनीलगत ठेवाव्यात, टपावर नाही. डोक्यावर घागर घेऊन धावणारा आणि कमरेवर घागर घेऊन धावणारा, यांत वळणावर कोण लवकर कलंडेल, असं मुलांना विचारून पाहा.

छपराचा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. धाराशिव जिल्हा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण १८ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या मध्याच्या सुमारास इथे सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दुपारचं ऊन भिंतींपेक्षा छपरावरच पडतं. निरभ्र दुपारी ते दर चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट असतं. आपल्या गाडीच्या छपरावर ७००० वॅट!

यातलं सगळं आत येत नाही. छपराचा पत्रा तापतो आणि मिळालेली उष्णता हवेला व आकाशाकडे परत देऊ लागतो. जेवढी शोषली तेवढी परत जाऊ लागली की तापमान स्थिरावतं. गडद रंगाचा पत्रा पडलेल्या उन्हापैकी सुमारे ९० टक्के शोषतो, पांढऱ्या रंगाचा स्वच्छ पत्रा सुमारे ३० टक्के. बाहेर ४० अंश असताना गडद पत्रा ८० अंशांच्या आसपास स्थिरावतो आणि पांढरा ५० च्या आसपास. म्हणजे एक हवेपेक्षा ४० अंशांनी गरम, दुसरा फक्त १० अंशांनी.

इथे एक शंका येईल. नवा चकचकीत पत्राही ऊन परतवतो, मग तो का तापतो? कारण चकचकीत धातूकडून ऊन परतवलं जातं, पण शोषलेली उष्णता प्रारणानं बाहेर टाकण्याच्या बाबतीत तो फार आळशी असतो. पांढरा रंग दोन्ही कामं चांगली करतो. त्यामुळे पॉलिशपेक्षा साधा पांढरा रंग बरा.

आता दुसरा उपाय: पत्र्याच्या आतून थर्माकोलचा २५ मिलीमीटरचा थर. थर्माकोल म्हणजे जवळजवळ सगळी कोंडलेली हवा, आणि कोंडलेली हवा उष्णता सहजी पुढे जाऊ देत नाही. हिवाळ्यात गोधडी हेच काम करते. छपराच्या वरची व खालची हवा आणि थर्माकोल यांचा मिळून होणारा अडथळा धरून आम्ही हिशेब केला. आत भरपूर वारा खेळता असून तिथलं तापमान ४० अंश आहे असं मानलं, तर भर दुपारी छपरातून आत येणारी उष्णता साधारण अशी भरते:

गडद छप्पर, थर्माकोल नाही: १३५० वॅट
पांढरं छप्पर, थर्माकोल नाही: ३४० वॅट
गडद छप्पर, थर्माकोल आहे: ३०० वॅट
पांढरं छप्पर, थर्माकोल आहे: ७५ वॅट

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. पहिल्या ओळीचा अर्थ असा, की कपड्यांची इस्त्री खोलीत सतत चालू ठेवली आहे. शेवटच्या ओळीतली उष्णता शांत बसलेल्या एका माणसाच्या शरीरातून निघणाऱ्या उष्णतेपेक्षाही कमी आहे. आणि दुसरी व तिसरी ओळ जवळजवळ सारखीच आहे! एक डबा पांढरा रंग एकटा जेवढं काम करतो, तेवढंच काम सगळ्या छताला लावलेला थर्माकोल करतो. पैसे एकाच कामापुरते असतील तर ते कोणतं, हे वेगळं सांगायला नको.

थंड देशांतल्या लोकांनी कॅम्परविषयी लिहिलेल्या पुस्तकांत आतलं अस्तर पहिल्या क्रमांकावर असतं. त्यांच्या दृष्टीनं ते बरोबर आहे. त्यांना रात्री आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते, आणि रात्री रंग काहीच कामाचा नसतो. आपल्याला दिवसा बाहेरची उष्णता आत येऊ द्यायची नाही. त्यामुळे आपला क्रम उलटा. बाहेरून पांढरा रंग आधी, आतून अस्तर नंतर. फक्त एक पथ्य आहे. मराठवाड्याच्या धुळीनं पांढरं छप्पर महिनाभरात मातकट होतं आणि पुन्हा ऊन शोषू लागतं. ते अधूनमधून धुवावं किंवा ओल्या फडक्यानं पुसावं.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त. गाडी उभी असताना छपरापासून वीतभर उंचीवर बांबूंच्या आधारानं ताडपत्री ताणायची. ऊन ताडपत्रीवर पडतं, आणि मधल्या फटीतून वाहणारा वारा तिची उष्णता घेऊन जातो. पत्र्यावर कडबा किंवा पाचट टाकणारे शेतकरी हेच करतात; पण गाडीवर कडबा नेता येत नाही, आणि तो पेटण्याची भीतीही असते. खिडक्यांनाही हाच नियम लागू. पडदा काचेच्या आत लावला तर ऊन काचेतून आत येऊन चुकलेलं असतं. चटई काचेच्या बाहेर टांगली तर ते बाहेरच थांबतं.

आता माळवदाशी तुलना करू. एक फूट जाड मातीचं वजन चौरस मीटरला सुमारे ५०० किलो. आपल्या ७ चौरस मीटर छपरावर ते साडेतीन टन झालं असतं, म्हणजे भरलेल्या गाडीच्या परवानगी असलेल्या वजनाइतकं. त्याच छपराच्या थर्माकोलचं वजन तीन किलोसुद्धा भरत नाही, आणि उष्णता अडवण्यात तो त्या मातीच्या सुमारे दुप्पट आहे. मग माळवदाखाली एवढा गारवा का? कारण माती उष्णता नुसती अडवत नाही, ती साठवते. फूटभर मातीतून दुपारची उष्णता खाली उतरायला साधारण दहा तास लागतात, आणि तोवर तिचा जोरही ओसरतो. थर्माकोल काही साठवत नाही. त्यामुळे रात्री दोन्ही घरं उलटी वागतात. माळवद साठवलेली ऊब खाली सोडत राहतं, तर हलकं घर सूर्य मावळला की तासाभरात निवतं. मराठवाड्यातल्या कोरड्या, निरभ्र रात्री या कामी मदतच करतात.

तेव्हा आपल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. गारव्याचा एक मार्ग वजनातून जातो, पण तो एकमेव मार्ग नाही. रंग, सावली, कोंडलेली हवा आणि खेळती हवा यांनीही गारवा मिळतो. यांतल्या कशालाच जवळजवळ वजन नाही.

हवा आणि पाणी

खेळत्या हवेचा हिशेबही सोपा आहे. एक घनमीटर हवा एका अंशानं तापवायला सुमारे १२०० ज्यूल लागतात. आत येणारी ३०० वॅट उष्णता वाऱ्यानं बाहेर काढायची, आणि खोली बाहेरच्यापेक्षा ५ अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर दर सेकंदाला ०.०५ घनमीटर हवा बदलली पाहिजे. आपल्या खोलीत सुमारे १३ घनमीटर हवा मावते. म्हणजे सुमारे चार मिनिटांत सगळी हवा नवी. एक झडप खाली आणि एक छपरालगत ठेवली, तर गरम हवा वरून निघते आणि थंड हवा खालून येते. लहान पंखा जोडला की काम पक्कं.

डिसेंबर-जानेवारीतही झडपा बंद करू नयेत. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून ताशी सुमारे ४० ग्रॅम पाणी हवेत जातं. चार माणसं आठ तास झोपली तर सव्वा लिटरहून जास्त! पहाटे पत्रा थंडगार असतो. हे बाष्प त्याच्यावर बर्फाच्या पेल्यावर जमावं तसं जमतं आणि अस्तराच्या मागे ओघळतं. वरून सुंदर दिसणारं छत आतून गंजायला लागतं ते असं. आणि जिवाची गोष्ट म्हणजे बंद गाडीत रात्री शेगडी, स्टोव्ह किंवा कोळसा मुळीच पेटता ठेवू नये. अपुऱ्या हवेत जळण जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. थर्माकोलही लवकर पेट घेतो. तो उघडा न ठेवता प्लायवूडनं झाकावा आणि चुलीच्या आसपास लावूच नये.

वाळ्याचा ओला पडदा किंवा कूलर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात फार परिणामकारक ठरतो. ४० अंश तापमान आणि २० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या आसपास उतरतो. एक लिटर पाण्याचं बाष्प होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता शोषली जाते. ताशी एक लिटर म्हणजे जवळजवळ ६७० वॅट. पण धाराशिवसारख्या दुष्काळाशी झगडणाऱ्या जिल्ह्यात पाणी फुकट नाही. वरच्या यादीत पाहा. गडद उघड्या छपराची उष्णता मारायला भर दुपारी ताशी दोन लिटर पाणी लागेल. पांढरं छप्पर आणि थर्माकोल असेल तर पेलाभराहूनही कमी. एकदा दिलेला रंग रोज पाणी वाचवतो.

विजेचा हिशेब

एल.ई.डी. दिवे चार, प्रत्येकी ७ वॅट, ५ तास: १४० वॅट-तास. बारा व्होल्टचे दोन पंखे, प्रत्येकी १५ वॅट, १० तास: ३००. मोबाइल आणि लॅपटॉप: १६०. बेरीज ६०० वॅट-तास. आपल्याकडच्या उन्हात १ वॅटचं पॅनल सगळी घट वजा जाता दिवसाला साधारण ४ वॅट-तास देतं. म्हणजे १५० वॅटचं पॅनल पुरतं. बॅटरी १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची घेतली तर तिच्यात १२०० वॅट-तास मावतात. शिशाची बॅटरी रोज निम्म्यापेक्षा जास्त रिकामी केली तर ती लवकर मरते, म्हणून हाच आकार योग्य.

पैसे वाचवायला लोक बारीक वायर घेतात. इथे मात्र तसं करू नये. घरात १२० वॅटचं उपकरण २३० व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतं. गाडीत तेच उपकरण १२ व्होल्टवर १० अँपिअर घेतं. दीड चौरस मिलीमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१२ ओहम. पाच मीटर जाणं आणि पाच मीटर येणं मिळून ०.१२ ओहम. १० अँपिअरला १.२ व्होल्ट वाटेतच गेले, म्हणजे दहा टक्के वीज वायर तापवण्यात खर्च झाली. चार चौरस मिलीमीटरची वायर घेतली तर हीच घट चार टक्क्यांच्या आसपास येते. आणि प्रत्येक वायरीला बॅटरीपाशीच फ्यूज हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या वायरीला कुणाचंच संरक्षण नसतं.

पैसे कुठे घालायचे?

आता पैशांचं अंदाजपत्रक जवळजवळ तयारच आहे. पहिला खर्च चासी, ब्रेक आणि टायर. दुसरा गळणारे सांधे बंद करणं आणि छपराला पांढरा रंग. तिसरा झडपा आणि ताडपत्री. चौथा अस्तर. पाचवा वायरिंग. आणि मग उरलेल्या पैशांत पलंग व फळ्या. पैसे कोणत्याही पायरीवर संपले, तरी तोवर झालेलं काम वाया जात नाही. क्रम उलटा केला तर सुंदर कपाटं बसवलेली तापती, गळकी खोली हाती येते, आणि गळती शोधायला तीच कपाटं उखडावी लागतात.

एक काम मात्र या यादीच्याही आधीचं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल मालकाला मनानं करता येत नाहीत. कॅराव्हॅनसाठी ए.आय.एस. १२४ हे वेगळं मानक आहे. तेव्हा हातोडी उचलण्याआधी परिवहन कार्यालयात विचारणा करावी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. सरकारी आणि परिवहन महामंडळांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी मात्र १ एप्रिल २०२३ पासून रद्द झाली आहे. म्हणून भंगारातली एस.टी. घेऊन तिला रस्त्यावर पळवण्याचा विचार सोडून द्यावा.

गाडी नसली तरी यातला मुख्य प्रयोग शाळेत करता येतो. सारख्या आकाराचे चार पत्र्याचे डबे घ्या. दोन बाहेरून काळे रंगवा, दोन पांढरे. प्रत्येक रंगाच्या एका डब्याला झाकणाच्या आतून थर्माकोल चिकटवा. चारही डबे भर दुपारी अंगणात विटांवर ठेवा, बाजूंना पुठ्ठ्याची सावली करा म्हणजे ऊन फक्त झाकणावर पडेल, आणि बाजूला बारीक भोक पाडून दर दहा मिनिटांनी आतलं तापमान नोंदवा. डबे लहान, त्यामुळे आकडे आपल्या गाडीसारखे येणार नाहीत. पण चार डब्यांचा क्रम काय लागतो ते आधी मुलांकडून लिहून घ्या आणि मग ताडून पाहा. ज्या मुलांच्या घरावर पत्रा आहे, त्यांना या प्रयोगाचं उत्तर सर्वांत आधी हवं असेल. आणि वर्गाच्या खोलीवरही पत्रा असेल, तर पुढचा उन्हाळा यायच्या आत चुन्याची एक बादली आणि एक कुंचला शाळेत असलेला बरा.